‘खूप काही शिकायला मिळालं’ या वाक्याचं काय करायचं?

ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: विचारणाऱ्या मॅडम बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला कॉस्ट अकाउंटिंग, म्हणजे वस्तूचा किंवा सेवेचा खर्च काढण्याचा विषय, ऑनलाइन शिकवतात. वर्गात १२० जण, त्यातले बरेचसे नोकरी किंवा घरचा धंदा सांभाळून शिकणारे. दर आठवड्याला त्या चिंतनाची डायरी लिहून घेतात, तिला गुणही आहेत. पण सगळ्यांचं लिखाण एकाच साच्यातलं येतं: ‘या घटकातून मला खूप काही शिकायला मिळालं, याचा भविष्यात नक्कीच उपयोग होईल.’ अलीकडे तर निम्म्याहून जास्त डायऱ्या एआयकडून लिहून घेतल्यासारख्या वाटतात. त्या विचारतात, हा प्रकार बंद करू का? आणि ऑनलाइन कोर्सात मुलांना प्रत्यक्ष काम द्यायचं तरी कसं?

मॅडम, बंद करू नका. पण आहे तसं चालूही ठेवू नका. मी वाणिज्य शाखेत पंचवीसेक वर्षं शिकवतोय, त्यातली बरीच वर्षं नोकरदार विद्यार्थ्यांना, आधी रविवारच्या संपर्क तासांना आणि आता स्क्रीनवरून. तुम्ही ज्या खड्ड्यात आहात त्यात मी दोन वर्षं काढली आहेत.

तुमच्या मुलांना लिहिता येत नाही असं तुम्हाला वाटतंय. माझ्या मते लिहिण्यासारखं त्यांच्या बाबतीत काही घडलेलंच नाही. त्यांनी चाळीस मिनिटांचा व्हिडिओ पाहिला, बहुधा दीडपट वेगानं. खाली दहा बहुपर्यायी प्रश्न सोडवले. मग आपण विचारतो, ‘यावर चिंतन करा.’ कशावर? एसटीचं वेळापत्रक वाचायला देऊन ‘या वाचनातून तुम्ही काय शिकलात’ असं मला कुणी विचारलं, तर मीही ‘वक्तशीरपणाचं महत्त्व कळलं’ असंच लिहीन.

शिवाय ‘काय शिकलात?’ हा प्रश्न गुण हातात असलेल्या माणसानं विचारला की त्याचं उत्तर काय द्यायचं हे आपल्या मुलांना प्राथमिक शाळेपासून पाठ असतं. गोष्ट संपली की खाली तात्पर्य लिहायचं. सहल झाली की ‘माझी अविस्मरणीय सहल’. आपण त्यांना बारा वर्षं तात्पर्य लिहायला शिकवलं, ते तात्पर्य लिहितात. त्यात त्यांचा दोष काय?

माझी चूक सांगतो. २०२० साली सगळंच एकदम ऑनलाइन गेलं तेव्हा मी कुठूनतरी ग्रॅहम गिब्ज या शिक्षणतज्ज्ञांचं चिंतनचक्र उचललं. त्यांनी १९८८ मध्ये मांडलेले सहा टप्पे: काय घडलं, काय वाटलं, बरं-वाईट काय, का, निष्कर्ष काय, पुढं काय करणार. मी त्याचा छान फॉर्म केला, सहा रकाने पाडले आणि प्रत्येक घटकानंतर भरायला लावला. ‘काय वाटलं’ या रकान्यात एका मुलानं ‘सुरुवातीला भीती, नंतर आत्मविश्वास’ असं लिहिलं. प्रोसेस कॉस्टिंगच्या घटकाला हेच, मार्जिनल कॉस्टिंगला हेच, ओव्हरहेड्सना (भाडं, वीज असे सामाईक खर्च) हेच. आठ आठवडे तीच चार शब्दांची भावना, आणि मी आठही वेळा त्याला पूर्ण गुण दिले. सत्र संपल्यावर एकत्र फाइल काढली तेव्हा हे लक्षात आलं. त्यानं माझा अंदाज बरोबर घेतला होता, मला त्याचा आला नव्हता.

गिब्ज यांच्या चक्रात तशी खोट नाही. पण त्याचा पहिलाच टप्पा ‘काय घडलं’ हा आहे. नर्सिंगच्या आणि अध्यापनाच्या अभ्यासक्रमांत ते इतकं रुजलं, कारण तिथं विद्यार्थी वॉर्डात उभा असतो, वर्गावर उभा असतो, काहीतरी घडतंच. शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या अनुभवातून शिकण्याच्या चक्रातही आधी ठोस अनुभव, मग त्यावर विचार, मग संकल्पना, मग पुन्हा करून पाहणं. आपण ऑनलाइनवाले पहिली पायरी गाळून थेट दुसरीवर पाय ठेवतो आणि मुलं घसरली की त्यांना नावं ठेवतो.

म्हणून आधी काम, मग चिंतन, एवढं तर सगळेच सांगतात. मी त्यात एक गोष्ट जोडतो आणि माझ्या अनुभवात सगळा फरक तिनंच पडला: कामाच्याही आधी विद्यार्थ्याकडून अंदाज लिहून घ्यायचा. आकड्यात, तारीख घालून, नंतर बदलता येणार नाही असा. एक उदाहरण जरा तपशिलात सांगतो, कारण त्याशिवाय हे पटणार नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी पिठाची गिरणी आहे. गाव सांगत नाही, आकडेही ओळख पटू नये म्हणून थोडे बदललेत आणि गोल केलेत. काम दिलं होतं: तुमच्या जवळच्या कुठल्याही एका वस्तूचा किंवा सेवेचा एका एककाचा खर्च काढा. त्याआधी बुधवारपर्यंत फॉर्ममध्ये दोन ओळी: तुमचा अंदाज किती, आणि तो कशावरून. तिनं लिहिलं, ‘एक किलो दळणाचा खर्च ४ रुपये. आईला विचारून.’ दळणाचा दर किलोला ६ रुपये, म्हणजे २ रुपये सुटतात, असा हिशेब.

मग तिनं आठवडाभर मोजलं. रोजचं दळण सरासरी १५० किलो, महिन्याला २६ दिवस धरून ३,९०० किलो. विजेचं बिल ४,००० रुपये. पट्टा, दगडाला टाकी लावणं, किरकोळ दुरुस्ती यांचे महिन्याकाठी १,२००. एकूण ५,२००. भागिले ३,९००. किलोमागे १ रुपया ३३ पैसे! तिनं मला व्हॉट्सॲपवर आवाजात निरोप पाठवला, तिला हसू आवरत नव्हतं. आईचा अंदाज तिप्पट चुकला होता, गिरणी महिन्याला १८,२०० रुपये नफ्यात होती आणि हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

नेहमीच्या डायरीत ही गोष्ट इथंच संपली असती. ‘खर्च काढण्याचं महत्त्व समजलं.’ आणि मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. पण फॉर्मात तो ४ रुपयांचा अंदाज बसून होता. मी एवढंच लिहिलं, ‘आईनं ४ कुठून काढले असतील? विचारून बघ.’

दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं. जसंच्या तसं देता येणार नाही, पण सार असं की आई म्हणाली, ‘मी बसते ना तिथं सकाळ-संध्याकाळ, त्याचं काही धरशील का नाही?’ मग मुलीनं आईच्या रोजगाराचे दिवसाला ४०० रुपये धरले. २६ दिवसांचे १०,४००. आधीचे ५,२०० मिळवून १५,६००. भागिले ३,९००, बरोबर ४ रुपये. तिचे खरे आकडे इतके तंतोतंत जुळले नव्हते, ते गोल केल्यामुळं इथं जुळलेत. पण चारच्या आसपासच होते.

नोशनल कॉस्ट, म्हणजे खिशातून न गेलेला पण धरायलाच हवा असा खर्च, मी वीस वर्षं व्याख्या सांगून शिकवत होतो. त्या मुलीच्या शेवटच्या लिखाणात ‘शिकायला मिळालं’ हे शब्द नव्हते. तिनं लिहिलं होतं की वहीत खर्चाचे रकाने तिनं आखले तेव्हा आई समोरच गिरणीवर बसली होती, तरी आईच्या कामासाठी रकाना पडला नाही. आणि खाली, न विचारता: मोटारीची झीज आणि जागेचं भाडंही मी धरलेलं नाही, ते धरलं तर सहा रुपये दर परवडतो का हे बघायला लागेल. एकूण सात-आठ ओळी. चिंतन म्हणतात ते हेच, मला तरी याहून वेगळं काही ठाऊक नाही.

आता यात अंदाजानं काय केलं ते बघा. तो आधी लिहिलेला नसता तर १ रुपया ३३ पैसे आल्यावर ती मनातल्या मनात म्हणाली असती, ‘हो, एवढाच असणार.’ निकाल कळला की आपल्याला तो आधीपासून ठाऊक होता असं वाटायला लागतं. मानसशास्त्रज्ञ बरुक फिशॉफ यांनी १९७५ मध्ये प्रयोगांतून हे दाखवलं होतं, आणि निवडणुकीच्या निकालानंतर कट्ट्यावर बसणाऱ्या कुणालाही ते प्रयोगाविना माहीत असतं. लिहिलेला अंदाज ही पळवाट बंद करतो. मग फरक समोर उभा राहतो आणि फरक असला की लिहायला आपोआप काहीतरी असतं. ही युक्ती माझी नाही. विज्ञान शिकवणारे ‘भाकीत करा, निरीक्षण करा, स्पष्टीकरण द्या’ ही पद्धत कधीची वापरतात. ऑस्ट्रेलियातल्या रिचर्ड व्हाइट आणि रिचर्ड गन्स्टन यांनी १९९२ मध्ये ती नीट मांडली. मी ती फक्त प्रयोगशाळेतून उचलून किराणा दुकानात नेली.

तुमचा दुसरा प्रश्न, ऑनलाइन कोर्सात प्रत्यक्ष काम कसं द्यायचं. इथं मी तुमच्याशी थोडा भांडणार आहे. ऑनलाइनमुळं प्रत्यक्ष काम अवघड होतं हे मला पटत नाही. वर्गात शिकवताना मी साठ मुलांना एका बसमध्ये घालून एमआयडीसीतल्या एकाच कारखान्यात न्यायचो. तिथला एचआरवाला एक फिल्म दाखवायचा, चहा-बिस्किटं व्हायची, आणि साठ जण एकच अहवाल लिहायचे. ऑनलाइन वर्गात तुमचे १२० जण १२० ठिकाणी बसलेत. कुणी मेडिकलच्या काउंटरमागे, कुणी पोल्ट्रीवर, कुणी सोसायटीच्या कार्यालयात. तुम्हाला फक्त त्यांना तिथंच काम द्यायचंय. करता करता शिकणं आपल्याकडं काही परदेशातून आलेलं नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींची नई तालीम, म्हणजे हातकामातून शिक्षण, मांडली गेली ती याच विचारावर, आणि पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो गावाला लागणाऱ्या कामांतूनच मुलं शिकतील या विश्वासावर. आता नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळं ऑन जॉब ट्रेनिंग, फील्ड प्रोजेक्ट वगैरे श्रेयांकांसकट आलेत. त्यांच्या फायलीही बस-सहलीच्या अहवालासारख्या होऊ नयेत एवढीच इच्छा.

काम लहान हवं. दोन तास मोजमाप, अर्धा तास लिखाण, बस. ‘एखाद्या लघुउद्योगाचा अभ्यास करा’ असं म्हणालात की इंटरनेटवरून उतरवलेली चाळीस पानं येतील. ‘तुमच्या घरातली एक भाकरी किंवा पोळी किती रुपयांना पडते’ म्हणालात की वही निघते. ज्यांना दुकान नाही, नोकरी नाही, बाहेर पडायची मोकळीक नाही, त्यांच्यासाठी मी स्वयंपाकघर कायम राखून ठेवतो. पीठ सोपं असतं, मजा गॅसमध्ये आहे. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो किती दिवस जातो, त्यातला भाकरीचा वाटा किती, चहाचा किती, हे वाटायचं कसं? हा ओव्हरहेडच्या वाटपाचाच प्रश्न आहे, पण मुलांना हे नाव नंतर सांगायचं.

एका बॅचमध्ये घर आणि दुकान एकाच विजेच्या मीटरवर असलेले बरेच जण निघाले. बिलाचा कुठला हिस्सा दुकानाचा? एकीनं तास धरले, एकानं बल्ब मोजले, एकानं चौरस फूट. एकजण म्हणाला, फ्रिज दुकानाचा पण त्यात घरचं दूध असतं, मग? त्यांची ऑनलाइन बैठकीत यावर वीस मिनिटं वादावादी झाली. मी माइक बंद करून बसलो होतो. त्यानंतर पुस्तकातली यादी उघडली: भाडं क्षेत्रफळानुसार, प्रकाशाचा खर्च दिव्यांच्या संख्येनुसार, यंत्रांची वीज अश्वशक्ती आणि तासांनुसार. ती यादी त्या दिवशी कुणाला पाठ करावी लागली नाही.

इथंच एक सावधगिरी. या कामात घरातल्या गोष्टी उघड होतात: उत्पन्न, उधारी, कुठल्या मीटरवर काय चालतं. त्यामुळं अशी लिखाणं सगळ्यांना दिसतील अशा जागी टाकायला लावू नका. तुम्ही आणि तो विद्यार्थी, एवढंच. वर्गात दाखवायचं असेल तर विचारून, नाव-गाव काढून. वरच्या वादावादीतही मी आधी सगळ्यांना वेगळं विचारलं होतं, चालेल का म्हणून. दोघं नको म्हणाले, त्यांची उदाहरणं घेतली नाहीत. नोकरी करणाऱ्यांना कंपनीचे आकडे किंवा शॉपफ्लोअरचे फोटो मागायचे नाहीत, त्यांची नोकरी जाईल. ‘आकडे एका ठरावीक पटीनं बदलून द्या, ती पट मला सांगू नका’ असं मी सांगतो. प्रमाणं तीच राहतात, काम होतं.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. पहिलं म्हणजे अंतर्गत गुण तुमच्या हातात आहेत का. स्वयम या सरकारी ऑनलाइन मंचाच्या चौकटीत एनपीटीईएलचा (आयआयटींनी चालवलेला) अभ्यासक्रम असेल तर २५ गुण असाइनमेंटचे आणि ७५ परीक्षेचे, असाइनमेंट बहुतेक यंत्रानं तपासल्या जातात. तिथं हे सगळं गुणांशिवाय, स्वेच्छेनं करावं लागेल आणि थोडेच करतील. तुमच्या म्हणण्यावरून गुण तुम्हीच देता असं दिसतंय, म्हणजे निम्मी लढाई जिंकलीच आहे. दुसरं, विषय. कॉस्टिंग, सांख्यिकी, मार्केटिंग यांना हे सहज जमतं. प्रोग्रामिंगवाले सहकारी ‘चालवण्याआधी आउटपुट लिहा’ म्हणून हेच करतात. पण कंपनी कायद्याच्या कलमांवर अंदाज कसला घेणार? तुमच्याही विषयात कॉस्ट शीटचा नमुना, व्याख्या, असे घटक आहेत. त्यांना ओढूनताणून अनुभव चिकटवू नका, सरळ शिकवा. सत्रात चार वेळा हे झालं तरी पुष्कळ. दर आठवड्याची डायरी मात्र बंद करा, तेवढी एक गोष्ट नक्की. दर सोमवारी साक्षात्कार कुणालाच होत नाही.

लिखाणासाठी मी तीनच प्रश्न ठेवलेत. अंदाज काय होता? निघालं काय? फरक कुठून आला? आणि साधारण दोन आठवड्यांनी, विषय पुढं गेल्यावर, एकच मागं वळून प्रश्न: हेच काम पुन्हा करायचं तर आधी कुणाला काय विचाराल? मर्यादा दीडशे शब्द. शिवाय गमतीगमतीत काही शब्दांवर बंदी घातली: ‘खूप काही’, ‘महत्त्व समजलं’, ‘भविष्यात उपयोग’. मला वाटलं होतं मुलं हसतील आणि विसरतील. पण ही बंदी माझ्या कल्पनेपेक्षा जास्त कामाला आली. ती वाक्यं गेली की रिकामी जागा भरायला काहीतरी खरं शोधावं लागतं.

भाषा मोकळी सोडा. आपला कोर्स इंग्रजीत असला तरी चिंतन ज्या भाषेत हिशेब केला त्या भाषेत येऊ द्या. माझ्याकडं अहिराणीत बोललेले निरोप येतात, सगळे कळतात असं नाही, परत विचारतो. टाइप करायला कंटाळणाऱ्यांना दोन मिनिटांचा आवाजातला निरोप चालेल म्हणा. घरात एकच फोन असतो, तो रात्री साडेनऊला हातात येतो, अशा मुली तुमच्याही वर्गात असणार. त्यांच्यासाठी रात्री बाराची मुदत ही शिक्षा आहे. मी मुदत दुसऱ्या दिवशी दुपारची ठेवतो.

गुण कशाला द्यायचे? अंदाज वेळेत आलाय का. स्वतः मोजलेला निदान एक आकडा आहे का, वहीच्या पानाच्या किंवा बिलाच्या फोटोसकट. फरकाचं कारण दिलंय का आणि ते त्या आकड्यांतून निघतं का. पाचपैकी गुण दिले तर फरकाच्या कारणाला तीन, बाकीच्यांना एकेक. अंदाज बरोबर आला का याला शून्य, आणि हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, नाहीतर मुलं आधी मोजून मग ‘अंदाज’ लिहितील. आमच्यात पहिल्या फेरीला तेच झालं: अकरा जणांचे अंदाज पैशापर्यंत बरोबर! मी काही बोललो नाही, फक्त त्यांना विचारलं की अंदाज इतका अचूक असेल तर फरकाचे तीन गुण कशावर देऊ? दुसऱ्या फेरीला अंदाज माणसांसारखे चुकीचे यायला लागले. भावनांना, प्रामाणिकपणाला, ‘चिंतनाच्या खोलीला’ गुण देऊ नका. त्याला गुण दिले की नाटक सुरू होतं.

१२० जणांचं वाचायचं कधी, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. गुणांपुरतं वाचायला एका लिखाणाला एक मिनिट पुरतं, कारण तुम्ही फक्त तीनच गोष्टी बघताय. म्हणजे दोन तास. उत्तर मात्र दर फेरीला एक तृतीयांशांनाच द्या, ४० जणांना, तीन मिनिटं प्रत्येकी. अजून दोन तास. सत्रात चार फेऱ्या म्हणजे प्रत्येकाला निदान एकदा तुमचं उत्तर मिळतं. उत्तरात ‘छान’, ‘उत्तम प्रयत्न’ नको, एकच प्रश्न. त्या मुलीला मी ‘छान’ लिहिलं असतं तर आई तशीच हिशेबाबाहेर राहिली असती. आणि हो, कधीकधी प्रश्न सुचतच नाही. मग मी ‘तुमचा तिसरा आकडा मला कळला नाही’ एवढंच लिहितो. बहुतेक वेळा तिथंच काहीतरी लपलेलं असतं.

एआयबद्दल. चिंतनाची भाषा लिहिण्यात तो आपल्या सगळ्यांपेक्षा पटाईत आहे. ‘या प्रवासात मला जाणवलं की’ हे वाक्य तो अर्ध्या सेकंदात देतो. म्हणून भाषा मागूच नका. आकडे मागा, वहीचा फोटो मागा, तारीख असलेला अंदाज मागा. तरी कुणी पूर्ण गिरणी कल्पनेनं उभी करू शकतोच. त्यासाठी दर फेरीला आठ-दहा जणांना, चिठ्ठ्या टाकून, पाच मिनिटांचा व्हिडिओ कॉल. ‘दगडाला टाकी कितीदा लावता? कोण येतं लावायला? किती घेतो?’ ज्यानं पाहिलंय तो या प्रश्नाला उत्तर देऊन वर आणखी दोन गोष्टी सांगतो. ज्यानं पाहिलेलं नाही तो ‘सर, आवाज कट होतोय’ म्हणतो. माझ्याकडं एकजण एआयकडून लिखाण करून घेतलं हे सरळ कबूल करून म्हणाला, पण सर आकडे माझेच आहेत, मराठी शुद्ध नसतं म्हणून त्याच्याकडून नीट करून घेतलं. वही दाखवली, खरे होते. मी गुण कापले नाहीत. पुढच्या वेळी अशुद्धच पाठव म्हणालो, आणि ते जास्त चांगलं निघालं.

हे सगळ्यांना लागू पडत नाही, हेही सांगून टाकतो. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात कुणीच मोजमाप करत नाही, तेव्हा फेरी ठेवू नका. दर बॅचला दहा-पंधरा जण असे असतातच जे चारही वेळा जेमतेम दोन ओळी टाकतात, कारण बारा तासांची ड्युटी करून ते फक्त पदवीसाठी आलेत. त्यांना मी ओरडत नाही. त्यातल्या काहींनी तिसऱ्या-चौथ्या फेरीला अचानक स्वतःच्या ओव्हरटाइमचा हिशेब पाठवलाय, काहींनी नाही.

तुम्ही आता सत्राच्या मध्यावर असाल, म्हणून सगळं एकदम बदलू नका. या आठवड्याची डायरी रद्द करा आणि तिच्या जागी फक्त अंदाजाचा फॉर्म पाठवा, दोन ओळींचा, बुधवारी रात्रीऐवजी गुरुवारी दुपारी बंद होणारा. शनिवार-रविवारी मोजमाप, मंगळवारी तीन प्रश्न. अंदाज आले की त्यातला ‘कशावरून’ हा रकाना आधी वाचा, आकडा नंतर. ‘आईला विचारून’, ‘शेठ म्हणाले’, ‘असाच’, यातलं कुणी काय लिहिलंय यावरून कुणाला कुठला प्रश्न विचारायचा ते बऱ्यापैकी ठरतं. दोन-तीन अंदाजांवर अडलात तर नावं काढून इथंच खाली लिहा, मी बघतो.